दोन मिनिटं थांब

थांबा रे. त्या बटणाला अजून हात लावू नका.

मॉड टाकायचेत ना तुमच्या सर्व्हरवर? टाका की. मी कोण नाही म्हणणारा? पण आत्ता आत कोण आहे, ते विचारलंत का? आपण सगळे तर इथे गच्चीवर बसलोय, मग आत कोण असणार, असंच ना? बरं. मग जरा मांडी घालून बसा. तू हसू नकोस. मला मॉड म्हणजे काय ते कळतं. मूळ गेममध्ये नसलेल्या वस्तू बाहेरून आणून त्यात घालायच्या, म्हणजे मॉड. तुझे दुधाचे दात पडत होते तेव्हा मी हे असं रात्र-रात्र ऐकलंय. आणि ज्याच्याकडून ऐकलं, तो माणूस माझ्या रोजच्या बसण्या-उठण्यातला होता. ऐकीव नाही हे.

छापखान्यात मशीनवर होतो मी तेव्हा. आमच्याकडे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावणारा एक जण होता. त्याला सगळे मुकादम म्हणायचे. अंगाने काडीपैलवान, पण हुकूम असा सोडायचा की शंभर माणसं हाताखाली आहेत असं वाटावं. दिवसभर पानं लावायची आणि रात्री घरी गेम खेळायचा, हा त्याचा नेम. एकटा नव्हे, सहा जण मिळून. प्रत्येक जण आपापल्या घरी बसायचा, पण गेममधलं जग सगळ्यांचं एकच. त्यात रस्ते बांधायचे, पूल बांधायचे, घरं बांधायची. सात वर्षं हे चाललं होतं. आणि ते जग ठेवलेलं कुठे? तर आमच्या छापखान्यात, मागच्या कागदाच्या खोलीत, एका जुन्या मशीनवर. तोच त्यांचा सर्व्हर. रात्रंदिवस चालू. मालकांना मुकादमाने सांगितलं होतं की त्यात जुन्या कामांच्या फायली आहेत. मालक म्हणजे देवमाणूस. त्यांनी कधी त्या खोलीत डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

त्या मशीनच्या पडद्यावर चित्र-बित्र काही दिसायचं नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कोण आत आला, कोण गेला, कोण काय बोलला, हे वेळेसकट तिथे उमटायचं, एवढंच.

तर सोळा तारीख, बुधवार, रात्रीचे साडेदहा. मुकादम माझ्या दारात उभा. छापखान्याची जास्तीची चावी माझ्याकडे असायची.

"चावी द्या काका. एक जुना मॉड टाकायचाय. तासाभराचं काम आहे."

"सकाळी नाही का जमणार?"

"रविवारपर्यंत एक घर बांधून व्हायला हवं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी चावी दिली. जेवलास का, विचारलं. तो हो म्हणाला, पण ते खोटं होतं. उपाशी माणसाचा आवाज मला कळतो.

आता कुठलं घर, हे समजायला पाच आठवडे मागे जावं लागेल.

त्या सहा जणांत मुकादमाचा एक जिवलग दोस्त होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. चाकावर काच धरायची, फिरवायची, उजेडात बघायची, परत धरायची. काम सोन्यासारखं, पण वेळ किती लागेल विचारायची सोय नाही. म्हणून गेममध्ये सगळ्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं गोगलगाय. त्यानेही ते मजेत लावून घेतलं होतं. इतरांनी सात वर्षांत किल्ले बांधले, गोगलगायीने एकच घर बांधायला घेतलं होतं. पण काय घर! सगळं काचेचं. एका मॉडमधून रंगीबेरंगी काचा मिळायच्या, दारं मिळायची, दिवे मिळायचे. त्यातूनच त्याने ते उभं केलं होतं.

ते घर त्याच्या लेकीसाठी होतं. तिला चिमणी म्हणायचे. सात वर्षांची पोर. खरोखरीच्या आयुष्यात तिघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे आणि चिमणी स्वयंपाकघरात झोपायची. ती बापाच्या मांडीवर बसून काचांचे रंग निवडायची. तिचं एकच मागणं होतं, माझ्या खोलीला दार हवं, मला आतून लावता येईल असं. गोगलगाय म्हणायचा, "दार सगळ्यात शेवटी. घर पुरं झालं की दार."

आणि मग तो आजारी पडला. कसला आजार ते विचारू नका, हॉस्पिटलात गेला तो परत घरी आला नाही, एवढं कळलं तरी पुरे. पण लॅपटॉप बरोबर होता. पलंगावर पडल्या पडल्या तो घर बांधायचा.

सर्व्हरला हात लावायचे नियम त्यानेच घालून दिले होते. पुठ्ठ्यावर स्वतःच्या बारीक अक्षरात लिहून मशीनवर चिकटवले होते. आधी हाक मारा. आत असलेला प्रत्येक जण 'बाहेर' असं लिहीपर्यंत थांबा. मग सगळ्या जगाची एक प्रत काढून बाजूला ठेवा. आणि मगच मॉडला हात लावा. मॉड म्हणजे घरात आणलेलं नवं माणूस, म्हणायचा. जुन्यांशी पटेलच असं नाही. सात वर्षांत मुकादमाने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

तो गुरुवार सोडून.

त्या आठवड्यात बाकीच्या चौघांनी त्याच्या डोक्याशी भुणभुण लावली होती. जहाजांचा एक नवा मॉड आला होता. मुकादमाचा मेव्हणा तर दिवसातून दहा फोन करायचा, "दाजी, जहाजं कधी? दाजी, जहाजं कधी?" शेवटी वैतागून मुकादम गुरुवारी रात्री छापखान्यात येऊन बसला. अकरा चाळीसला त्याने हाक मारली. 'बंद करतोय. आत कोण?'

दीडएक मिनिटाने उत्तर आलं. आत एकच जण होता. गोगलगाय.

'थांब. दोन मिनिटं. दार राहिलंय.'

मुकादमाने घड्याळाकडे बघितलं. दिवसभर उभ्याने काम झालेलं. घरी बायको वाट बघतेय, सकाळी लवकर यायचंय. आणि गोगलगायीची दोन मिनिटं म्हणजे काय, ते सात वर्षांत पाठ झालेलं. उद्या लावेल दार, पळून जातंय का? असं म्हणून त्याने बंद केलं. अकरा बेचाळीस. ती ओळ पडद्यावर वेळेसकट आली, ती त्याच्या डोळ्यांत कायमची रुतून बसली.

एकदा नियम मोडला की पुढचे मोडायला हात कचरत नाही. प्रत काढायला अर्धा तास लागला असता. तीही राहू दिली. नव्या मॉडचं जुन्या काचांच्या मॉडशी पटत नव्हतं, तर त्याने जुना काढूनच टाकला. चालू करताना मशीनने विचारलं, या जगातल्या काही वस्तू आता ओळखता येत नाहीत, पुढे जाऊ का? मुकादमाने लिहिलं, हो.

घर गेलं. पूर्ण घर. काच न् काच. खाली मोकळी जमीन उरली आणि पायाचा खड्डा. आणि प्रत नाही. जुन्या प्रती तो काम झालं की पुसून टाकायचा.

पहाटे चारला हॉस्पिटलातून फोन आला. गोगलगाय गेला होता.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगितलं असतंत? मुकादमाने नाही सांगितलं. 'डिस्क खराब झाली,' म्हणाला. सगळ्यांनी उलट त्याचंच सांत्वन केलं, की बिचाऱ्याचा दोस्तही गेला आणि सात वर्षांची मेहनतही. मेव्हणा तर रडला त्याच्या गळ्यात पडून. ती सहानुभूती त्याला विषासारखी वाटायची, हे त्याचे स्वतःचे शब्द.

महिन्याने वहिनींचा फोन आला, गोगलगायीच्या बायकोचा. "भाऊजी, चिमणी रोज विचारते. बाबांनी बांधलेलं घर एकदा बघू दे तिला. आमच्या लॅपटॉपवर काही दिसत नाही."

डिस्क खराब झाल्याचं त्यांच्या कानावर कुणीच घातलं नव्हतं. आणि मुकादमाच्या तोंडून निघून गेलं, "रविवारी या छापखान्यात. दाखवतो."

घर तर नाही. मग काय दाखवणार? तर त्याने ठरवलं, आपणच बांधायचं. आठवेल तसं. जुना काचांचा मॉड परत टाकायचा, चार रात्री जागायच्या, आणि पोरीला सांगायचं की हे बघ तुझ्या बाबांचं घर. पाप झाकायला दुसरं पाप. ह्यासाठी तो त्या बुधवारी चावी घेऊन गेला.

शटर अर्धं उचलून तो आत शिरला. शाईचा वास, कागदाची थप्पी, छपाईची मशीनं कापडाखाली झाकलेली. मागच्या खोलीतली ट्यूब नेहमीसारखी तीनदा फडफडून लागली. तो स्टुलावर बसला. पुठ्ठ्याकडे बघायचं त्याने टाळलं. मॉड उतरवून घ्यायला तासभर लागला. आता सर्व्हर बंद करायचा, मॉड टाकायचा, चालू करायचा. बाकीच्यांना त्याने संध्याकाळीच सांगितलं होतं, आज कुणी येऊ नका. आत कुणीच नव्हतं. तरी सवयीने बोटं चालली.

'बंद करतोय. आत कोण?'

अकरा चाळीस झाले होते.

'थांब. दोन मिनिटं.'

मुकादमाने ओळ वाचली. परत वाचली. पुढे नाव होतं. गोगलगाय.

आधी त्याला राग आला. कुणीतरी मस्करी करतंय, आणि ही काय मस्करी झाली? त्याने मेव्हण्याला फोन लावला. खूप वेळ वाजला.

"दाजी... किती वाजलेत?"

"तू आहेस का गेममध्ये?"

"झोपलोय मी. काय झालं? ताई बरी आहे ना?"

फोन ठेवला. पडद्यावरच्या आधीच्या ओळी तपासल्या. कुणी आत आलं की तशी ओळ येते. गोगलगाय आत आल्याची ओळ नव्हती.

म्हणजे... तो आत आलाच नव्हता.

मग मुकादमाच्या डोक्यात आलं ते वेगळंच. आत आल्याची नाही. पण बाहेर गेल्याची तरी कुठे होती? त्या गुरुवारी त्याने 'बाहेर' लिहिलंच नव्हतं. आपण लिहू दिलं नव्हतं.

त्याने मागे हात घालून नेटची वायर उपटली. हातात धरून बसला. आता बाहेरून कुणी काही लिहू शकत नव्हतं. कुणीच नाही.

'दार राहिलंय.'

वायर हातात होती.

ट्यूब फडफडली. एकदा. मग नीट झाली.

आणि मग आवाज आला. अगदी बारीक. कागदाच्या थप्प्यांच्या मागून आल्यासारखा. खर्र... थांबला. खर्र... थांबला. मुकादमाने तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता, चष्म्याच्या दुकानात, दोस्ताची सुट्टी व्हायची वाट बघत बसलेला असताना. काच चाकावर धरायची. उजेडात बघायची. परत धरायची.

खर्र...

पळावंसं वाटलं. हात मशीनच्या मोठ्या बटणापाशी गेला. दाबलं की सगळं बंद. पडदा, ओळी, आवाज. सगळं.

बोट बटणावर होतं...

त्याने बोट काढलं.

तो मला पुढे म्हणाला, काका, भीती होतीच. पण त्याहून मोठी होती ती लाज. याच बोटाने एकदा दाबलं होतं.

त्याने लिहिलं, 'माझं चुकलं.'

उत्तर नाही.

'मी थांबायला हवं होतं.'

फक्त तो आवाज. मुकादम मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. शाळेत शिक्षा झालेलं पोर बसतं तसा. किती वेळ, ते त्याला कळलं नाही.

आवाज थांबला.

पडद्यावर एक ओळ आली.

'बाहेर.'

सकाळी सातला मी छापखान्यात गेलो तर हा पायरीवर बसलेला. शटर तसंच अर्धं उघडं. त्याने मला तिथेच सगळं सांगितलं, गुरुवारपासून. मी आत जाऊन बघितलं. वायर उपटलेली होती, हे खरं. पण पडद्यावर ओळी होत्या त्या फक्त याच्याच. 'बंद करतोय. आत कोण?' आणि 'माझं चुकलं' आणि 'मी थांबायला हवं होतं.' मधे दुसऱ्या कुणाचं काहीही नाही. मी मनात म्हटलं, मन चिंती ते वैरी न चिंती. पोरगा न जेवता, न झोपता बसलाय, दिसणार नाही तर काय?

पण त्याला समजावायला काहीतरी बोलायला हवं. म्हटलं, "ती प्रत ठेवायची जागा उघडून तरी बघितलीस का?"

"काढलीच नाही, तर बघायचं काय काका?"

"तरी बघ. माझ्यासाठी बघ."

उघडली. आत एक फाइल होती.

मुकादम प्रतींना तारखेची नावं द्यायचा. हिला नावच नव्हतं. म्हणाला, असेल एखादी जुनी, पुसायची राहिलेली, अर्ध्या घराची. त्याने वायर जोडली, जहाजांचा मॉड काढून काचांचा परत घातला, ती प्रत लावली, आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून आत शिरला. आणि टेकडी चढून वर आला तर... घर. सगळंच्या सगळं. दिवे लागलेले, काचांचे रंग खाली गवतावर पडलेले. मला गेममधलं काय कळतंय? पण मीही स्टूल ओढून बघत बसलो. मुकादम दारातूनच मागे फिरला. म्हणाला, आत जायचा मला हक्क नाही.

रविवारी वहिनी आल्या, चिमणीला घेऊन. मी म्हटलं होतं, आता घर मिळालंय, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प राहा. त्याने माझं ऐकलं नाही. पोरीला मी कागदाची विमानं करून देत बसलो आणि त्याने वहिनींना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. दोन मिनिटं मागितली होती, तेही.

सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, "त्या रात्री ते लॅपटॉप मिटू देईनात. पडदा काळा झाला होता. मी म्हटलं, झोपा आता, नेट गेलंय. तर म्हणाले, मुकादम आहे तिकडे, थांबेल तो. आणि त्या काळ्या पडद्याकडेच बघत राहिले."

मुकादमाने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मी विमान करायचा थांबलो. पोर म्हणाली, "आजोबा, पंख राहिला."

"चिमणीला हे आज सांगू नका," वहिनी म्हणाल्या. "तिला घर दाखवा, भाऊजी." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढेही कधी म्हणाल्या नाहीत.

चिमणीला खुर्चीत बसवलं. माउस तिच्याच हातात दिला. ती सराईतासारखी घरात शिरली, जिना चढली, ही निळी काच माझी, ही पिवळी बाबांची, असं सांगत सांगत. वरच्या मजल्यावर गेली आणि थांबली.

"आई, दार लावलंय बाबांनी!"

ती आत गेली. दार लावून घेतलं. परत उघडलं. परत लावलं. तिची आई मागे उभी राहून हसत होती आणि रडत होती.

मी मुकादमाकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता. कुणाला कळलं नाही तरी मला कळलं. दार राहिलं होतं ना? ते लावायच्या आतच तर याने सगळं बंद केलं होतं.

त्या दोघी गेल्यावर आम्ही परत मागच्या खोलीत गेलो. मुकादमाने ती बिननावाची फाइल शोधली. ती कधी तयार झाली, ते मशीन सांगतं. बघायचं धाडस त्याला होईना. म्हणाला, काका, तुम्ही वाचा.

काय रे? आपोआप निघाली असेल प्रत? मलाही तेच वाटलं होतं. म्हणून आधी गुरुवारच्या ओळी काढून बघितल्या. अकरा बेचाळीसला बंद. तिथून पुन्हा चालू केल्याची ओळ बारा वाजून दहाची. मधल्या वेळात जग बंद होतं. त्यात कुणी विटेवर वीट ठेवू शकलं नसतं. मुकादम तिथेच स्टुलावर बसून होता, आणि त्याने प्रत काढली नव्हती.

मग मी चष्मा लावला आणि फाइलवरची वेळ वाचली.

तारीख त्याच गुरुवारची होती. वेळ, अकरा वाजून चव्वेचाळीस मिनिटं.